परवलीचं लिंबू

बोरीच्या उन्हाळी शिबिरातून मागच्या वर्षी एक पोर भलत्याच आजोबांबरोबर गेलं आणि पोटभर आमरस खाऊन संध्याकाळी परतलं. पोराची काही तक्रार नव्हती. आईनं मात्र गाव डोक्यावर घेतलं. यंदा असं झालं तर शिबिरच बंद, असं सरपंचांनी बजावलं आणि सुरक्षेचं जोखड आदिनाथ सरांच्या मानेवर ठेवलं.

सरांनी परवलीचा शब्द काढला. सकाळी पोरं सोडायला आलेल्या प्रत्येकाच्या कानात तो सांगितला. दुपारी जो शब्द सांगेल, त्यालाच पोर मिळेल. शब्द ऐकून नातवाला, हरिओमला, सोडायला आलेल्या नर्मदाबाई लालेलाल झाल्या. सरांना वाटलं, ऊन लागलं.

दुपारी फाटकाशी रांग लागली. सगळ्यांत पुढं नर्मदाबाई.

"शब्द?" सर पुटपुटले.

"ते... आंबट."

"आंबट काय?"

"पिवळं असतंय बगा. सरबतात पिळतेत."

"वर्णन नको, आजी. शब्द सांगा."

"अवो, कसं सांगू? आमच्या ह्यांच्या नावाला लागतंय ते!"

ह्यांचं नाव लिंबाजी. लग्न झाल्यापासून नर्मदाबाई लिंबाला 'आंबट' आणि दारातल्या झाडाला 'कडू' म्हणत आल्या होत्या. बाजारातल्या भाजीवाल्यालाही त्याची सवय झाली होती.

"मग हरिओम इथंच राहील," सर म्हणाले.

"ऱ्हातंय कशाला? उखाण्यात घेते की!" नर्मदाबाईंनी पदर सावरला.

"सर हुबे फाटकात, तोंडात धरून शिट्टी,
लिंबाजीरावांचं नाव घेते, नातवाला द्या सुट्टी!"

रांगेनं टाळ्या पिटल्या. सरांचा तोल सुटला. "आजी, शब्द लिंबाजी नाही! लिंबू! लिंबू!"

रस्त्यापलीकडून रसवंतीवाला ओरडला, "किती पायजेत, सर?"

परवली फुटली. आता शब्द बदलणं आलं. पोरं आत, पालक बाहेर, माथ्यावर ऊन. सर कुसुमबाईंच्या कानात "आंबा" म्हणाले, तर त्यांनी तोंडाला पदर लावला. त्यांचे मालक आंबादास. "हरभरा" म्हणताच पुढची बाई खाली बघायला लागली. गावात हरिभाऊ तर ढिगानं होते.

शेवटी नर्मदाबाईच सरांच्या कानाला लागल्या. "बाईचं नाव ठिवा. कुनाच्याच मालकाला लागत न्हाई."

ते नाव ऐकून सर चपापले. पण दुसरा इलाज नव्हता. शब्द या कानातून त्या कानात गेला आणि एकेक बाई फाटकाशी येऊन खुशाल सांगायला लागली, "सविता!" "सविता!" भराभरा पोरं घरी निघाली. एकही भलत्याबरोबर गेलं नाही. सरांनी घाम पुसला आणि आत उरलेल्या आपल्या पोरीला हाक मारली. "शिवकन्या, चल."

नर्मदाबाई फाटकात आडव्या झाल्या. "शब्द?"

"अहो, मी बाप आहे तिचा!"

"आन् मी आजी न्हवते व्हय? सांगा. जरा मोठ्यानं, मला कमी ऐकू येतंय."

मागं छत्री धरून सरांची बायको उभी होती. लग्न झाल्यापासून सरांनी तिला 'अगं'च्या पुढं कधी हाक मारली नव्हती.

"म्हना की," सविता छत्रीखालून म्हणाली, "मी बी ऐकते."

घरी निघालेल्या बायाही पोरांसकट कान टवकारून थांबल्या. सरांनी एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा छत्रीकडं. घसा खाकरला आणि खालच्या आवाजात विचारलं,

"उखाणा चालेल का?"