चार वायरी आणि सासूबाई

गाडीचा ऑक्सिजन सेन्सर घरच्या घरी बदलायचं मी ठरवलं, ते निव्वळ सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून. (एरवी तो चेहरा पाहून मी खोली बदलतो.)

गाडी त्यांची, बावीस वर्षांची. धुराच्या तपासणीत नापास झाली. सोमवारी दहा वाजता पुन्हा तपासणी, आणि तीत नापास झाली की थेट भंगारात. मेकॅनिक म्हणाला, "सेन्सर गेलाय. चार वायरींचं काम आहे, पण मला बुधवारशिवाय वेळ नाही." घरी येऊन सासूबाईंनी गाडीच्या सगळ्या सीटा ओल्या फडक्याने पुसून काढल्या. मला ते बघवेना.

"मी बदलतो," मी बायकोला म्हणालो.

"अहो, निदान आईला विचारून करा."

"त्यांना काय विचारायचं? त्यांचा जन्म टेलिफोन खात्यात गेला."

बायकोने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती आत निघून गेली.

रविवारी सकाळी मी गाडीखाली शिरलो. जुना सेन्सर धुराच्या पाइपात असा गंजून बसला होता, की पाऊण तास झटापट केल्यावर तो निघाला आणि त्याबरोबर माझ्या दोन बोटांची सालंही निघाली. नव्या सेन्सरला प्लग नव्हता. जुन्याचा, वर इंजिनाजवळचा प्लग वायरींसकट कापायचा आणि नव्याला जोडायचा, एवढंच उरलं होतं.

आता, मी आवक-जावक विभागातला कारकून. वीस वर्षांत एक कागद नंबराशिवाय पुढे जाऊ दिलेला नाही. तेव्हा वायरींना लावायला एक ते चार नंबरांच्या चिठ्ठ्या मी आदल्या दिवशीच सुवाच्य अक्षरात करून ठेवल्या होत्या. फक्त आमच्या विभागाचा नियम असा, की कागद टेबलावर आल्याखेरीज त्याला नंबर पडत नाही. मी चारही वायरी कापल्या, दोन्हीकडची टोकं ओळीने मांडली आणि मग चिठ्ठ्या लावल्या.

दिसायला फार छान दिसत होतं. नव्या सेन्सरच्या वायरी दोन पांढऱ्या, एक काळी, एक राखाडी. जुन्या चारही मात्र बावीस वर्षांच्या उष्णतेने उकळून आटलेल्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. कुठली कशाची, हे आता माझ्या चिठ्ठ्यांनाही माहीत नव्हतं. गाडी भंगारात जाणार आणि तीही माझ्या हातून, या विचाराने मी तिथेच फरशीवर बसलो.

"अक्षर छान आहे," मागून आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या, हातात एक विटकी पिशवी. "चिठ्ठ्या आधी लावल्या, की वायरी आधी कापल्या?"

"आधी कापल्या."

"हं. सरका."

पिशवीतून मीटर निघाला, पक्कड निघाली, पितळी नळ्यांची डबी निघाली.

"आई, तुम्ही खात्यात फोन उचलायच्या ना?"

"केबल जोडायचे. एकेका केबलमध्ये बाराशे जोड्या. बत्तीस वर्षं."

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली आहेत.

वायरींना डाग द्यायला मुद्दाम विकत आणलेली सोल्डर गन मी पुढे केली.

"सोल्डर नाही करायचं. हा सेन्सर वायरीतूनच हवा घेतो, डागाने ती वाट बुजते. कागदात लिहिलंय."

"कुठल्या कागदात?"

"सेन्सरबरोबर आलेला तुम्ही फाइलला लावून ठेवलाय, त्या."

त्यांनी मीटरचं एक टोक गाडीच्या पत्र्याला टेकवलं आणि दुसरं प्लगच्या एकेका वायरीला. तिसऱ्या वायरीला मीटर वाजला. "ही अर्थ. राखाडीला." मग माझ्याकडून किल्ली फिरवून घेत त्यांनी सेन्सर तापवणाऱ्या हीटरच्या दोघी शोधल्या. "या पांढऱ्यांना. कशाही जोडा, भांडत नाहीत." उरलेली आपोआप काळीला गेली. प्रत्येक सांधा नळीत घालून पकडीने दाबला, आणि चारही सांधे मागेपुढे ठेवले, म्हणजे एकमेकांना लागायला नकोत. सत्तरीच्या बोटांना जराही कंप नव्हता. मी उजेडाला बॅटरी धरली होती, तीही त्यांनी दोनदा सरळ केली. इतकं नेटकं काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि मी नेटकेपणाचाच पगार घेतो.

सोमवारी गाडी एका फटक्यात पास झाली. तपासनीसाने बॉनेट उघडलं आणि तो बघतच राहिला.

"हे जोडकाम कोणाचं?"

"घरचंच," मी छाती काढून म्हणालो.

तो वाकला आणि वायरींशेजारी चिकटवलेली चिठ्ठी मोठ्याने वाचू लागला. "क्रमांक पाच. जावयांनी हात लावू नये." मग सरळ होऊन त्याने विचारलं, "जावई कोण?"

सासूबाई स्टीअरिंग धरून समोर बघत होत्या.

चिठ्ठीत एक उणीव मात्र होती. तारीख नव्हती. मी खिशातून पेन काढलं, तारीख घातली, आणि खाली "मान्य" लिहून सही केली.