तेरदाळकरसरांचा पिवळा कागद

आमचे विभागप्रमुख डॉ. तेरदाळकर यांनी एकदा चालू मंगलाष्टकं थांबवली होती. मी तिथं अक्षता हातात घेऊन उभी होते, म्हणून हे छातीठोकपणे सांगते.

बेंगळुरूत बसवनगुडीतल्या एका मराठी घरचं लग्न. दुसऱ्या मंगलाष्टकाला नवरदेव पाटावर झुलायला लागला आणि तिसऱ्याला त्याची मान छातीवर आली. कुणी म्हणालं उपास बाधला, कुणी म्हणालं उकाडा. मुलीचा मामा पुढे होऊन मुंडावळ्या सारख्या करायच्या निमित्तानं नवरदेवाच्या तोंडाचा वास घेऊन आला. तेवढ्यात चौथ्या रांगेतून सर उठले. त्यांनी मूठभर अक्षता कोटाच्या खिशात टाकल्या, अंतरपाटाला वळसा घालून नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "सकाळपासून काय घेतलंत?"

"सर्दीची गोळी," नवरदेव पुटपुटला.

"त्याच्या आधी?"

"रात्री एक."

"त्याच्या आधी?"

"काल दिवसभरात तीन."

"कुणी दिल्या?"

नवरदेवानं मुलीच्या मामाकडे बोट दाखवलं.

"सरी, ठीक!" असं म्हणून सरांनी खिशातून चार घड्यांचा पिवळा कागद काढला, भटजींची पोथी मागून घेतली आणि तिच्यावर ठेवून तो भरला. वय, औषध, किती, कधीपासून, काय झालं. मग वधुपित्याला म्हणाले, "घाबरायचं काही नाही हो. स्वल्प कॉफी द्या, आज स्कूटर चालवू देऊ नका. चालू द्या तुमचं." भटजींनी पोथी परत घेतली आणि मुहूर्त साधला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझ्या नवऱ्याची बदली इथल्या सरकारी कारखान्यात झाली आणि मी नागपूर सोडून बेंगळुरूच्या एका मेडिकल कॉलेजात औषधशास्त्राची लेक्चरर झाले. माझं सामान पाठोपाठ आलं, मराठी मात्र मागं राहिलं. त्यामुळे पहिल्याच दिवशी विभागप्रमुखांनी "या बाई, कूतकोळ्ळी, म्हणजे बसा हो" म्हटल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी ते पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "डोळ्यांत काही थेंब घालता का?"

सरांचं घराणं तीन पिढ्या इथलं. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, वर्गात इंग्रजी, आणि राग आला की तिन्ही एकदम. उंची बेताची, कोट एकच, आणि कोटाचा डावा खिसा कायम फुगलेला. त्यात ते पिवळे कागद असायचे. औषधानं माणसाला बरं वाटलं तर सांगणारे शंभर असतात, बाधलं तर सांगणारं कुणी नसतं, म्हणून त्यांनी स्वतः तो कागद आखला आणि त्याच्या प्रती काढल्या. औषध बाधल्याचा संशय आला की डॉक्टरांनी तो भरायचा, एवढंच काम.

पोरांना ते औषधं शिकवायचे ती स्थळं सांगितल्यासारखी. "गुण सांगायला कंपनीचा माणूस येतो. गोरा आहे, शिकलेला आहे, पगार चांगला. अवगुण कोण सांगणार? शेजारी! आपण शेजारी व्हायचं." कंपनीची माणसं सरांना टरकून असत. एक नवा मुलगा चकचकीत माहितीपत्रक घेऊन आला, तेव्हा सरांनी त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली, खिशातलं भिंग दिलं आणि पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला मजकूर मोठ्यानं वाचायला लावला. तिसऱ्या ओळीला त्याला घाम फुटला. सर हळहळून म्हणाले, "अय्यो, तुम्हालाच कुणी सांगितलं नव्हतं होय?"

वॉर्डावॉर्डांत त्यांनी लाकडी पेट्या लावल्या होत्या. डॉक्टरांनी भरलेले कागद त्यात टाकायचे. दर शनिवारी सर किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघत आणि मी मागून पिशवी घेऊन. पेटीत काय सापडलं नाही ते विचारा. बसची तिकिटं, संत्र्याच्या साली, कॅन्टीनच्या सांबाराबद्दल तीन तक्रारी, आणि सर्जरीच्या एका पोरानं नर्सला लिहिलेली चिठ्ठी. बायकांच्या वॉर्डातल्या पेटीला कुणीतरी हळदकुंकू लावून जास्वंद वाहिली होती. ती मात्र सरांनी काढू दिली नाही. "निदान कुणाचा तरी विश्वास आहे," म्हणाले.

कागद येत नसत, कारण तळाशी सहीची जागा होती. सही म्हटलं की डॉक्टर मंडळींना तो कबुलीजबाब वाटायचा. मेडिसिनच्या एका बड्या डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं, "माझ्या पेशंटला काही बाधत नाही." सर शांतपणे म्हणाले, "मग ते औषध घेत नसतील."

पण माणूस नुसता विचित्र नव्हता, बहुतेक वेळा बरोबरही होता. आमच्या विभागात झाडू मारणारी मुनियम्मा सहा महिने खोकत होती. दोनदा छातीचे फोटो काढून झाले, तीन प्रकारची खोकल्याची औषधं पिऊन झाली. सरांनी तिला स्टुलावर बसवलं आणि "त्याच्या आधी? त्याच्या आधी?" करत मागं मागं नेलं. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली, त्यानंतर दोन आठवड्यांत खोकला लागला होता. गोळी बदलून घेतली, खोकला गेला. मुनियम्मानं सरांना आवडतात म्हणून फणसाचे गरे आणले. सरांनी ते खाल्ले आणि कागद भरला.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती अक्कांनी बोलावलं म्हणून. अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. दोघंच राहत. आई-वडील लवकर गेले, अक्कांनी धाकट्या भावाला वाढवलं, शिकवलं. त्यात त्यांचं लग्न राहिलं आणि पुढे का कोण जाणे सरांचंही. घर बोलकं होतं. अक्का स्वयंपाकघरातून काहीतरी विचारायच्या, सर बाहेरून काहीतरी वेगळंच उत्तर द्यायचे, आणि दोघांचं भागायचं.

माझं जाणं-येणं वाढलं. एकदा अक्कांना उठवत नव्हतं, म्हणून उप्पिटाचा रवा काढायला मीच डबा उघडला, तर रव्यात गोळ्यांची पाकिटं. अंगदुखीच्या गोळ्या, चांगली सात-आठ पाकिटं. मी वळून पाहिलं. अक्का भिंतीला धरून उभ्या होत्या.

"गुडघ्यांसाठी," त्या हळूच म्हणाल्या. "कोपऱ्यावरचा दुकानदार देतो. रोज दोन. तीन वर्षं झाली. त्याला सांगू नका हं बाई. गळ्याची आण आहे."

मी सरांची शिष्या. अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर पोटात जखम होते, ती आतल्या आत वाहू शकते, हे मी दर सत्रात दीडशे पोरांना शिकवत होते. मी अक्कांना तेच सगळं समजावलं, गोळ्या बंद करायचं वचन घेतलं आणि आपण जिंकलो अशा थाटात घरी आले. वचन घेण्यापेक्षा पाकिटं घ्यायला हवी होती. ते सुचलं नाही.

दहा दिवसांनी सर विभागात खुशीत आले. "बाई, घरचाच एक कागद मिळाला! अक्का फिकी दिसत होती, महिन्यापूर्वी लोहाचं टॉनिक सुरू केलं. आता म्हणते, शौचाला काळी होते. लोहानं होतंच. भरून टाकला." आणि त्यांनी तो कागद मला दाखवला. सुंदर अक्षरात अक्कांचं वय, टॉनिकचं नाव, मात्रा.

टॉनिकनं काळी होते हे खरं. पण पोटात रक्त वाहत असलं तरी काळीच होते, आणि रक्त गेलं की माणूस फिकाही दिसतो. हे सरांना माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक होतं. ठाऊक नव्हता फक्त रव्याचा डबा. अख्ख्या गावाला "आणखी काय घेता?" विचारणाऱ्या या माणसानं घरात तो प्रश्न विचारलाच नव्हता. घरचं आपल्याला माहीतच आहे, असं त्यांनी धरलं होतं.

तोंड उघडायला हवं होतं. मला आण आठवली, आणि खरं सांगायचं तर सरांचा उजळलेला चेहरा विस्कटवेना. आज शुक्रवार, सोमवारी अक्कांना गाठू, त्यांनाच सांगायला लावू, असं मी ठरवलं. भित्रेपणाला मी सभ्यपणा म्हटलं, दुसरं काय!

रविवारी सकाळी अक्का न्हाणीघराच्या दारात कोसळल्या.

शेजारणीचा फोन आला तशी मी रिक्षानं हॉस्पिटलात पोचले. अक्कांचा चेहरा कागदासारखा पांढरा. मेडिसिनचा तरुण डॉक्टर नाडी धरून सरांना विचारत होता, "घरी काही औषधं चालू आहेत, सर?"

"लोहाचं टॉनिक," सर ठामपणे म्हणाले. "दुसरं काही नाही. माझ्या घरात काय येतं ते मला माहीत आहे."

अक्कांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. नको, असं त्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. पण डॉक्टर टॉनिक लिहून घेत होता आणि खाली रेघ ओढायच्या बेतात होता.

"सर," मी म्हटलं, "अंगदुखीच्या गोळ्या. रोज दोन. तीन वर्षं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तिन्ही भाषा एकदम येणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"बारा दिवस."

त्यांनी मान हलवली, डॉक्टरकडे वळले आणि भराभर सांगू लागले, रक्त किती मागवायचं, दुर्बीण कधी घालायची, काय थांबवायचं. आवाज वर्गातला होता. हात मात्र कोटाच्या खिशात घट्ट मिटलेले होते.

दुर्बिणीत जखम दिसली. वेळेवर दिसली. चार बाटल्या रक्त चढलं आणि तिसऱ्या दिवशी अक्कांनी हॉस्पिटलच्या गंजीला, म्हणजे भाताच्या पेजेला, नावं ठेवली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. त्या दिवशी व्हरांड्यात मी सरांची माफी मागितली. "बारा दिवसच ना?" ते म्हणाले. "मी तीन वर्षं. तुमची चूक लहान आहे हो." टॉनिकचा कागद त्यांनी फाडला नव्हता. त्यावर आडवी रेघ मारून लाल शाईनं लिहिलं होतं, 'औषध चुकीचं धरलं. विचारलं नाही.' खाली सही, पूर्ण नावानिशी. तो त्यांनी विभागाच्या फळ्याशेजारी लावला. त्यानंतरच्या शनिवारी पेट्यांत भरलेले सात कागद निघाले. त्यातला एक त्या बड्या डॉक्टरांचा होता.

पण खरा कागद त्याआधी भरायचा होता. चौथ्या दिवशी सर नवा कागद घेऊन अक्कांच्या खाटेपाशी आले, पेन उघडलं, बंद केलं आणि माझ्या हातात दिलं. "तुम्ही विचारा बाई. माझ्यानं होत नाही."

मी विचारलं. अक्कांनी सगळं सांगितलं. शेवटी मी म्हटलं, "अक्का, यांच्यापासून लपवलंत का?"

"हा मागं मागं जातो ना," अक्का म्हणाल्या. सर खिडकीशी पाठमोरे उभे होते. "गुडघे कधीपासून दुखतात, तर खालून वर पाणी वाहायचे तेव्हापासून. पाणी तूच का वाहायचीस, तर हा मेडिकलला होता, दुसरं कोण होतं घरात? मग लग्न का केलं नाहीस, इथवर येणार. तिथं नेऊन त्याला का रडवायचं? दोन गोळ्यांनी भागत होतं."

मी फक्त गोळ्यांचं तेवढं कागदावर लिहिलं.

मग अक्कांनी कूस बदलली आणि मला म्हणाल्या, "आता त्याला विचारा. तो काय घेतो?"

"मी?" सर वळले. डोळे लाल होते. सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. पण हा प्रश्न मी किंवा दुसऱ्या कुणी त्यांना केल्याचं मला आठवत नाही.

त्यांनी कोटाच्या उजव्या खिशातून एक पाकीट काढून खाटेवर ठेवलं. रक्तदाबाच्या गोळ्या. "दोन वर्षं," ते म्हणाले. "विभागातच घेतो, दुपारी. दार लावून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

अक्कांनी त्या पाकिटाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग सलाईन लावलेला हात जपून बाजूला घेऊन त्यांनी खाटेच्या कडेला जागा केली. "बस इथं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."

सर बसले. मी पेन मिटलं आणि बाहेर आले.