रुसियातेचे नियम आणि देवमाशाचा दात

विद्यापीठाचे संगणक कुणी, कशासाठी आणि कसे वापरावेत याचे नियम रुसियातेने लिहिले, आणि लिहून झाल्यावर तो स्वतःवर इतका खूश झाला की त्याने ते मोठ्याने वाचून काढले. ऐकायला समोर यंत्रं होती आणि शेजारच्या टेबलावर सहकारी प्रनील. एका माणसाला एकच खातं! पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही. मित्राला नाही, प्राध्यापकाला नाही, प्रत्यक्ष पाद्रीबाबांनाही नाही! यंत्रांवर फक्त अभ्यास. रग्बी नाही, सिनेमे नाहीत, लग्नाचे व्हिडिओ तर मुळीच नाहीत! नियम मोडणाऱ्याला यंत्र आपणहून नोटीस धाडेल, आणि तिची प्रत थेट कुलसचिवांकडे जाईल.

"यातून मुंगीसुद्धा आत यायची नाही," तो प्रनीलला म्हणाला.

"मुंगी नाही यायची रे," प्रनील चहा ढवळत म्हणाला. "पण तुझे नातेवाईक?"

रुसियातेने तिकडे लक्ष दिलं नाही, कारण त्याने डोळे मिटले होते. तो बरीच वर्षं हंगामी होता आणि यंत्रांच्या बिनखिडकीच्या खोलीत बसत होता. यंत्रांना थंडावा लागतो म्हणून तिथे इतका गारठा असायचा, की सगळं सुवा शहर घामाने निथळत असताना हा आपला स्वेटर घालून बसलेला! कायम झालेल्यांना मात्र वरच्या मजल्यावर खिडकीची खोली मिळायची. डोळे मिटले की रुसियाते त्या खिडकीशी जाऊन उभा राही. खाली निळं पाणी, लांब प्रवाळाच्या कडेवर फुटणारी पांढरी रेघ, एखादी होडी जागच्या जागी झुलते आहे... वर्षाअखेरीस समिती बसणार होती आणि या नियमांमुळे खिडकी आपलीच, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नव्हती.

आणि आत्याचा फोन आला.

वासेमाथा आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. कंडावू बेटावर, गावच्या चर्चच्या गायकवृंदात तिचा आवाज सगळ्यात मोठा, आणि चर्चच्या बाहेरही तोच सगळ्यात मोठा.

"रुसी, जेवलास का बाळा?"

"जेवलो आत्या."

"काय जेवलास?"

"कसावा आणि मासा."

"बरं. केरेकेरे, एक एवढंसं काम होतं."

केरेकेरे म्हणून नात्यातल्या माणसाने काही मागितलं की विषय संपला. मग तो शर्ट मागो, होडी मागो, नाही तर नवी कोरी चप्पल मागो. नाही म्हणणारा माणूस कंडावूवर अजून जन्माला आलेला नाही.

"आमच्या तालमींची गाणी फोनमध्ये मावेनात," आत्या म्हणाली. "तुझ्या त्या विद्यापीठाच्या यंत्रांच्या कपाटात थोडी जागा दे. आणि ती किल्ली असते ना तुमची, पासवर्ड, तीही सांग."

"आत्या, नियम आहे. किल्ली कुणाला द्यायची नाही!"

"कुणी केला हा नियम?"

"मी."

"मग झालं तर! मला वाटलं, कुणा परक्याने केलाय."

रुसियातेने पासवर्ड सांगितला.

दुसऱ्या दिवसापासून गाणी यायला लागली. रुसियातेने सहज म्हणून एक ऐकलं आणि तो गारठा, ती यंत्रांची घरघर, सगळं कुठल्या कुठे गेलं! खालून पुरुषांचे आवाज भरतीच्या पाण्यासारखे वर येत आणि त्यांच्यावर बायकांचे आवाज अलगद तरंगत. मागे कुठेतरी कोंबडा आरवे, एखादं मूल रडे, तेही त्याला सुरात वाटे. दुपार-दुपार तो कानाला हेडफोन लावून, अर्धवट झोपेत, लहानपणीच्या चर्चच्या चटईवर बसून राही. तो फार सुखात होता. त्या सुखाच्या भरातच त्याने आत्याला दोन ओळी पाठवल्या: "तिसऱ्या कडव्यात पुरुष घाई करतात. होडी किनाऱ्याला लागायच्या आधीच उडी मारल्यासारखं वाटतं." पुढच्या आठवड्यात पुरुषांनी घाई केली नाही. मग त्याने बायकांच्या सुराबद्दल लिहिलं. मग श्वास कुठे घ्यायचा ते लिहिलं.

"पाद्रीबाबा रडले रे काल!" आत्याचा फोन आला. "यापूर्वी रडायचे, पण ते वेगळ्या कारणाने."

पण केरेकेरे काय एकट्या रुसियातेला लागू होतं? आत्याच्या जावेने आत्याकडे किल्ली मागितली. जावेच्या भावाने जावेकडे मागितली. त्याच्या मेहुण्याला तिकडे लांब लम्बासात रग्बीचे सामने बघायचे होते. मेहुण्याच्या शेजारणीच्या मुलीचं लग्न होतं आणि त्या लग्नाचा व्हिडिओ लग्नापेक्षाही लांब होता!

शेवटी निबंध दाखल करायच्या दिवशी विद्यापीठाचं कपाट गच्च भरलं. पोरांचे निबंध आत जाईनात. ग्रंथालयात रडारड सुरू झाली. रुसियाते धावत यंत्राशी गेला आणि आत कोण कोण आहे ते बघू लागला. रुसियाते. रुसियाते. रुसियाते. पडदा वर सरकवावा तितके रुसियाते!

तो बाहेर हिरवळीवर धावला. मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली एक आडदांड गृहस्थ विद्यापीठाच्या फुकट इंटरनेटवर रग्बी बघत आरामात पहुडला होता.

"कोण तुम्ही?"

"मी रुसियाते," गृहस्थ म्हणाला.

"रुसियाते मी आहे!"

"हो का?" गृहस्थाचा चेहरा फुलला. "म्हणजे आपण नातेवाईकच की! बसा ना!"

सावली गार होती, हिरवळ मऊ होती आणि गृहस्थाने केळ्याचे काप पुढे केले. खरं सांगायचं तर रुसियाते क्षणभर बसलासुद्धा. तेवढ्यात त्याच्या फोनवर नोटीस आली. "प्रिय रुसियाते, आपण नियमांचा गंभीर भंग केला आहे. आपला, रुसियाते." प्रत कुलसचिवांना.

कुलसचिव पेल्यू साहेब मेलबर्नहून नुकतेच आले होते. उंच, लालबुंद, मनाने चांगले.

"हे नियम कुणी लिहिले?"

"मी, साहेब."

"मोडले कुणी?"

"मीच."

"आणि ही नोटीस?"

"तीही माझीच."

"म्हणजे काम चोख आहे तुझं," साहेब खिन्नपणे म्हणाले. "पण समितीला मी काय सांगू? कायम करणं राहू दे, आहे ती नोकरी तरी कशी वाचवू?"

रुसियातेच्या डोळ्यांसमोरची खिडकी खाडकन बंद झाली. त्याला रडू येत होतं. पण जिन्यावरच त्याला एक युक्ती सुचली, आणि ती इतकी बिनतोड होती की तो जिन्यावरच उभ्या उभ्या हसला. त्याने आत्याला फोन लावला.

"आत्या, केरेकेरे! देवमाशाचा दात घेऊन या. गावातर्फे साहेबांपुढे ठेवा आणि मला माफी मिळवून द्या."

पलीकडे तालीम चालू होती; आत्याने ती थांबवली.

"दात म्हणजे गावाची बैठक बोलवावी लागेल," आत्या म्हणाली.

"मग बोलवा!"

मग त्याने साहेबांना तयार केलं. "माझ्या गावची वडीलधारी माणसं येतील, साहेब. भाषण होईल, देवमाशाचा दात देतील. तुम्ही तो दोन्ही हातांनी घ्यायचा. नाही घेतला तर अख्ख्या गावाचा अपमान!" दात घेतला की मागितलेलं द्यावंच लागतं, हे एवढं एकच वाक्य त्याने सांगायचं राहू दिलं.

शुक्रवारी गाव आलं. पर्जन्यवृक्षाखाली चटया अंथरल्या, यंगोनाची, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या गुंगी आणणाऱ्या पेयाची, लाकडी परात मधे ठेवली. साहेब मांडी घालायचा प्रयत्न करत होते. दुपार पिवळी, सुस्त झाली होती. यंगोनाने सगळ्यांच्या जिभा जड केल्या होत्या आणि पानांतून ऊन थेंबाथेंबाने चटईवर पडत होतं. इनोके आजोबा, गावाच्या वतीने बोलणारे, दात दोन्ही हातांत धरून संथपणे बोलू लागले.

"काय म्हणताहेत?" साहेबांनी हळूच विचारलं.

"समुद्राबद्दल, साहेब."

थोड्या वेळाने, "आता?"

"अजून समुद्रच. पण आता वारा सुटलाय."

आजोबांचा आवाज लाटेसारखा येत-जात होता. रुसियातेचे डोळे मिटत होते. आता माफी, मग साहेब दात घेतील, मग खिडकी...

"...आमच्या गायकवृंदाचे गुरुजी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेले," आजोबा सांगत होते. "वृंद पोरका झाला. मग एक कान लांबून आम्हाला ऐकू लागला. तो कान आमच्याच पोराचा आहे, आणि तुम्ही तो गारठ्यात ठेवलाय. तो पोरगा आम्हाला परत द्या."

रुसियाते खडबडून जागा झाला.

"साहेब, थांबा!"

पण साहेबांनी हात पुढे केले होते. "घेतला नाही तर अख्ख्या गावाचा अपमान, तूच म्हणालास ना?" आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी, अगदी शिकवल्यासारखा घेतला! सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. बायकांना रडू फुटलं.

"आत्या!" रुसियाते कुजबुजला. "मी माफी मागायला सांगितली होती!"

"पासवर्डसाठी दात?" आत्याही कुजबुजली, म्हणजे चटईच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "बैठकीत हसले रे सगळे! दात काय असा उधळायचा असतो? तो माणसासाठी काढतात. आमच्याकडे हा एकच होता. तुझ्यासाठी काढला."

रुसियातेला भयंकर राग आला होता. पण गावचा एकुलता एक दात आपल्यासाठी काढला म्हटल्यावर धड भांडताही येईना.

इकडे पेल्यू साहेब तो पिवळसर, गुळगुळीत दात छातीशी धरून बसले होते. त्यांचेही डोळे ओलावले होते.

"रुसियाते," ते म्हणाले, "ज्याच्या पाठीशी एवढं गाव उभं राहतं, त्याला मी सोडणार नाही. नोटीस फाडून टाकतो. तुला कायम करायची शिफारस आजच लिहितो. खिडकीची खोली तुझी!"

"आभारी आहे, साहेब."

"आणि हो," साहेब कानाशी वाकले, "रीतीप्रमाणे बदल्यात मी यांना काय द्यायचं असतं?"

"मला, साहेब."