फ्रान्चिश्काआजींचं संरक्षण

सन २००३ च्या ऑक्टोबरात मिशिगनमधल्या एका विद्यापीठाच्या भाषाशास्त्र विभागाला एक गंभीर उणीव आढळली. बचाव आणि रक्षण या अर्थाची अकरा इंग्रजी क्रियापदं स्लोव्हेनियन भाषेत नेमकी कशी म्हणतात, हे विभागात कोणालाच ठाऊक नव्हतं. तोवर त्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. पण त्या काळात अर्जात 'सुरक्षा' हा शब्द असला की अनुदान मिळे, आणि विभागाला ते मिळून चुकलं होतं. आठ भाषा आठ विद्यार्थ्यांना वाटून देण्यात आल्या. हिंदी तैवानच्या एका मुलाने आधीच उचलली होती, म्हणून सांगलीच्या ज्ञानदाच्या वाट्याला स्लोव्हेनियन आली.

ज्ञानदा कष्टाळू होती. तिने शब्दकोश धुंडाळून तक्ता केला, तर एकेका इंग्रजी क्रियापदापुढे तीन-तीन दावेदार उभे राहिले: ब्रानिती, श्चितिती, वारोवाती. कुठे कोणता वापरायचा, हे ती भाषा बोलत लहानाचं मोठं झालेलं माणूसच सांगू शकणार होतं. मे महिन्यात अनुदान संपणार होतं. तोवर तक्ता झाला नाही, तर पाच वर्षं बर्फ तुडवून पदवीविना सांगलीला परत.

पण नशीब असं, की तिच्या खोलीच्या बरोबर खाली ब्याऐंशी वर्षांच्या फ्रान्चिश्का नोवाक राहत होत्या, मूळच्या स्लोव्हेनियातल्या. नवरा गेल्यापासून आपली भाषा त्या फक्त मांजराशी बोलत. दर गुरुवारी ज्ञानदा त्यांच्याकडे चहाला जाई. त्या अक्रोड भरलेली पोतित्सा ही गोड गुंडाळीची पावरोटी देत, ही चकल्या नेई. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, "अस्वलीण पिलांसाठी अंगावर धावून येते, ते ब्रानिती. मी शेजारणीचं बाळ दुपारभर सांभाळते, ते वारोवाती." महिनाभर अडलेल्या दोन ओळी मिनिटात सुटल्या.

ज्ञानदाने हे आनंदाने मार्गदर्शकांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"या बाई माणूस आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आधी मानवी सहभागी संरक्षण मंडळाची परवानगी लागेल."

संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांना इजा होऊ नये, हे बघणाऱ्या या मंडळाचा अर्ज चौदा पानांचा होता. तिसऱ्या पानावर 'सहभागी व्यक्तीशी नातं' असा रकाना होता. सांगलीत वाढलेली मुलगी ब्याऐंशी वर्षांच्या बाईंच्या नावासमोर जे लिहील तेच ज्ञानदाने लिहिलं. आजी.

आठवड्याभरात मंडळाच्या समन्वयक बाईंनी तिला बोलावून घेतलं.

"तुमच्या आजी स्लोव्हेनियन आहेत?"

"नाही. म्हणजे, त्या स्लोव्हेनियन आहेत, पण माझ्या आजी नाहीत."

"मग तसं का लिहिलंत?"

"एवढ्या मोठ्या बाईंना मी नुसत्या नावाने हाक कशी मारू?"

"इथे सगळे मारतात," समन्वयक बाई सहानुभूतीने म्हणाल्या आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

मंडळाचा निर्णय लेखी आला. संशोधिकेने वयोवृद्ध व्यक्तीशी बनावट नातं जोडल्याचं दिसत असल्यामुळे त्या व्यक्तीची संमती मुक्त मानता येत नाही, पोतित्सा आणि चकली ही परस्परांना दाखवलेली आमिषं आहेत. सबब, संशोधिकेने या परिसरात आणखी कोणाकोणाशी असं नातं जोडलं आहे, त्याची संपूर्ण यादी सादर करावी.

यादी करायला तिची खोलीसोबतीण वल्लरी बसली. ही नागपूरची, इंजिनिअरिंग करत होती आणि नियमांना फार भिऊन असे.

"ग्रोसरीवाल्या काकांना धरलंस का?"

"ते गुजराती आहेत गं."

"काका म्हणतेस ना? मग ॲड कर यार. उद्या कुणी चेक केलं तर व्हिसाचा लोचा होईल."

यादीत एकूण त्रेचाळीस नातेवाईक भरले. एका विद्यार्थिनीला तीन मैलांच्या आत अकरा काकू असल्याची मंडळाने चिंतापूर्वक नोंद घेतली आणि तिच्याकडून श्रीमती नोवाक यांच्याबाबत प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं: 'सदर महिला माझी कोणीही नाही. मी तिला यापुढे नात्याने हाक मारणार नाही.' शिवाय मंजुरी मिळेपर्यंत भेट बंद, कारण साध्या गप्पांतही माहिती हाती लागू शकते.

ज्ञानदा मागच्या जिन्याने जाऊ-येऊ लागली. पहिल्या गुरुवारी खालून अक्रोडाचा वास आला. दुसऱ्या गुरुवारीही आला. तिसऱ्या गुरुवारी आला नाही. तिला फार वाईट वाटलं, पण मंडळाने वाईट वाटण्याला मनाई केलेली नव्हती, म्हणून ते तिने चालू ठेवलं.

मग बाईंना विचारायच्या नमुना वाक्यांची मंडळाने छाननी केली. 'सैनिकांनी पूल राखला' हे युद्धाची आठवण नको म्हणून गेलं. 'कोंबडी पिलांना जपते' हे मुलांची आठवण नको म्हणून गेलं. 'छत्री पावसापासून वाचवते' यावर दोन बैठका झाल्या. अखेर 'टेबलावर टोपी आहे' हे वाक्य पूर्णतः निर्धोक ठरलं. त्यात रक्षणाचं क्रियापद नव्हतं, पण ती मंडळाची जबाबदारी नव्हती.

मे महिन्याच्या दहा तारखेला मंजुरी आली. ज्ञानदा पुढच्या जिन्याने धावतच खाली गेली. दार साखळीइतकंच उघडलं. बाईंच्या हातात मंडळाने परस्पर पाठवलेलं आठ पानी पत्रक होतं.

"मी सगळं वाचलं," त्या सावकाश म्हणाल्या. "तू मला त्रास दिलास तर कुठे फोन करायचा, वकील कसा मिळतो. मी माझ्याच घरातून केव्हाही उठून जाऊ शकते, असंही लिहिलंय."

"ते सगळ्यांनाच पाठवतात, श्रीमती नोवाक."

बाईंनी पत्रक मिटलं. "तू मला दुसरं काहीतरी म्हणायचीस."

"आता नाही म्हणता येत. मी तसं लिहून दिलंय."

"मग त्यांचं बरोबरच आहे," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

ज्ञानदाने तक्ता शब्दकोशावरून अंदाजाने भरला. तो तपासणाऱ्या चौघांपैकी कोणालाच स्लोव्हेनियन येत नसल्यामुळे तो एकमताने मान्य झाला. इजा झालेल्या सहभागी व्यक्तींची संख्या शून्य, याबद्दल मंडळाने तिचं लेखी अभिनंदन केलं आणि सोबत शेवटचा एक अर्ज जोडला. त्यात एकच प्रश्न होता: 'या काळात आपण कोणापासून काही माहिती दडवली काय?'

ती पेन उघडते तोच सांगलीहून आईचा फोन आला.

"कसं चाललंय गं?"

"मजेत. ती खालची आजी आहे ना, तिची केवढी मदत झाली म्हणून सांगू. बाबांना दे ना."

"बाबा देवळात गेलेत," आई घाईने म्हणाली.

बाबांनी आयुष्यात देवळाची पायरी चढली नव्हती. हे ज्ञानदाला पक्कं ठाऊक होतं. तिने विचारलं, "बरे आहेत ना?"

"अगदी ठणठणीत. तू अभ्यासात लक्ष दे."

ज्ञानदाने आणखी काही विचारलं नाही, आणि आईनेही. अर्जावर तिने 'नाही' असं लिहून सही केली. बिचाऱ्या अमेरिकनांना माणसाला इजा न होऊ देण्याच्या याच कामासाठी चौदा पानं आणि एक मंडळ लागतं. आपलं घरच्या घरी भागतं. वाचकहो, पटत नसेल तर ही गोष्ट आज घरी मोठ्याने वाचून दाखवा. आणि शेवटचा फोन वाचताना तुमचा आवाज कोणासमोर अडखळतो, तेवढं बघा.