रीतसर अण्णा

स्वतःच्या ओट्यावर स्वतःची खुर्ची टाकण्याआधी समोरच्या घराकडे बघून "बसू का? काय हरकत?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे भोरचे शेजारी, अण्णा. समोरचं घर म्हणजे आमचं. आतून आई "बसा हो अण्णा!" म्हणाली की मगच ते टेकायचे. आई देवळात गेलेली असली तर बिचारे उभेच.

अण्णांनी सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. खिडकीत बसून गाड्या लावायच्या आणि कर्ण्यावरून त्या पुकारायच्या. नोकरी संपली तरी त्यांचं पुकारणं काही संपलं नाही. आमच्याकडे जेवायला बसले की "वैनी, ह्यापुढं फक्त ताक, भात न्हाई!" हे अशा खणखणीत आवाजात जाहीर व्हायचं की पंक्तीतला नवखा पाहुणा आपली पिशवी सावरायचा. 'रीतसर' हा त्यांचा लाडका शब्द. सर्दी झाली तर रीतसर वाफ घ्या. भांडायचंय ना, मग रीतसर भांडा, आधी कारण सांगा. गल्लीनं त्यांचं नावच रीतसर अण्णा ठेवलं होतं आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

अशा माणसाच्या हातात एक कार्यक्रम होता, तो म्हणजे आमच्या गल्लीचं तुळशीचं लग्न. घरोघरी लागतं तसलं नव्हे. अण्णांच्या दारातली तुळस ही अख्ख्या गल्लीची मुलगी. अण्णा-काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे कन्यादान त्यांचं. बाकी मान घरोघर वाटलेले. अंतरपाट धरायचा कुलकर्ण्यांनी, मंगलाष्टकं शिंदेबाईंनी म्हणायची, उसाचा मांडव जगतापांचा. आवळ्याची फांदी वेल्ह्याहून, काकूंच्या माहेराहून यायची. तुळशीचा मामा मी. मुंज झाल्यापासून दर कार्तिकात मी एका कुंडीच्या मागे गंभीर चेहरा करून उभा राहत आलो आहे.

या लग्नासाठी अर्धा रस्ता अडायचा आणि एक कर्णा लागायचा. तासा-दीड तासाचा मामला. दुसऱ्या कुणी कुणाला विचारलंही नसतं. अण्णा मात्र दिवाळीआधीच इस्त्रीचा सदरा घालून नगरपालिकेत अर्ज देणार, तिथून पोलीस ठाण्यात जाणार. एकदा तिथल्या हवालदारानं गंमत म्हणून विचारलं, "नवरा-नवरीच्या वयाचे दाखले आणलेत का?" अण्णा विचारात पडले. म्हणाले, "नवरदेव देवच हायत, त्यांचा प्रश्न न्हाई. पण तुळस औंदा नवी लावलीया. तुमी म्हनत असाल तर जुनी आनतो." हवालदारानं हात जोडले, चहा पाजला आणि कर्ण्याची परवानगी देऊन टाकली.

मग गल्ली पांगली. कुलकर्णी मुलाकडे हडपसरला गेले. शिंदेबाई कात्रजला, जगताप आणखी कुठं. आई गेल्यावर मीही बायकोमुलांसह धायरीत फ्लॅट घेतला. दारांना कुलपं लागली. त्यातच काकू गेल्या आणि समोरासमोरच्या घरांमध्ये अण्णा एकटे उरले. ओट्यावर बसायला आता कुणाची परवानगी घेत असतील, असं माझ्या मनात यायचं आणि मग दिवसभर कामात लक्ष लागायचं नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमची बेल वाजली. दारात अण्णा. हातात आंबेमोहोराची पिशवी, काखेत फाईल.

"मधू, रस्ता अडनार हाय आपला. शेजाऱ्यांची ना-हरकत लागती. रीतसर सही पायजे."

"अहो अण्णा, आम्ही तिथं राहतच नाही. आमची कसली हरकत?"

"घर हाय न्हवं तुमचं तिथं? मग हरकत बी हाय."

तेव्हापासून दर दिवाळीला हे ठरलेलंच. पण सही लगेच घेतील तर ते अण्णा कसले! आधी मांडव कुठून कुठवर, कर्णा कुणाच्या दिशेला, हे सगळं समजावून सांगणार. मग चहा. मग माझ्या मुलीला जवळ बसवून तिच्या शाळेची चौकशी, बायकोला "गुडघा कसा हाय आता?" जेवण झाल्यावर फाईल उघडायची आणि माझी सही झाली की चष्मा लावून ती दोनदा बघायची. निघताना लिफ्टपाशी त्यांची पुकार व्हायची, "आता हितनं हडपसर!" वरच्या मजल्यावरची माणसं डोकावून बघायची. सणाच्या गर्दीत, उभ्यानं प्रवास करत, हा गृहस्थ एकेका कुलपाचा मालक शोधत पुण्यात फिरायचा. सरकारी नियम काय एकेक असतात, म्हणून मी आणि बायको दोघंही चडफडायचो.

लग्नाला जमेल तसे आम्ही जायचो. कधी चारपाच घरं यायची, कधी एखादंच. अण्णा कमरेला सुपारी खोचून कन्यादानाला बसायचे. बायको नसली की तिच्या जागी सुपारी, अशी रीत आहे. मध्येच हात कमरेकडे नेऊन ती आहे ना, हे बघायचे. मी मामा म्हणून मागेच उभा असल्यामुळे मला ते दिसायचं.

गेल्या वर्षी घराच्या उताऱ्यासाठी मी नगरपालिकेत गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला आणि हसल्या. "अण्णांच्या गल्लीतले का?"

मी संधी साधली. "बाई, एवढ्याशा मांडवाला शेजाऱ्यांच्या सह्या कशाला मागता हो? म्हाताऱ्या माणसाला पुण्यात दारोदार फिरावं लागतं."

"आमी कुठं मागतो?" बाई म्हणाल्या. "असला नियमच न्हाई. साधा अर्ज पुरतो. काकू गेल्या त्या वर्षीपासून तेच जोडायला लागले. म्या म्हनलं बी, अण्णा, ह्याची गरज न्हाई. तर म्हनले, तुमाला नसंल, राहू द्या जोडलेलं."

मी उतारा घेऊन बाहेर आलो आणि पायरीवरच बसलो. आयुष्यभर नियमाला धरून चाललेल्या या माणसानं एकच नियम पदरचा घातला होता, आणि तो आमच्या घरी येऊन चहा प्यावा म्हणून. नुसतं "आठवण आली म्हणून आलो" म्हणायची त्यांना लाज वाटत असणार. मला भडभडून आलं. अण्णांना मात्र मी काहीच बोललो नाही.

यंदा जगतापांच्या मुलानं हौसेनं गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. अण्णांचा त्रास वाचावा म्हणून त्यानं सगळ्यांना विचारलं, 'लग्नाला कुणाची हरकत?' पटापट अंगठे आले. मी ऑफिसात होतो, ग्रुप बघितलाच नव्हता. संध्याकाळी अण्णांचा फोन आला.

"मधू, औंदा येनं व्हनार न्हाई. समद्यांनी मोबाईलवरच अंगठे धाडलेत. सह्यांचं काम मिटलं." मग म्हणाले, "बरंच झालं म्हना. दगदग वाचली." स्टँड दणाणून सोडणारा तो आवाज मला कान देऊन ऐकावा लागत होता.

"अण्णा," मी म्हणालो, "माझा अंगठा आलाय का?"

"तुझा तेवढा र्‍हायलाय."

"तो येणार नाही. माझी हरकत आहे."

"हरकत? आन् ती कशापायी?"

"मी मुलीचा मामा. मला घरी येऊन विचारल्याशिवाय लग्न ठरलंच कसं? मोबाईलवर नाही चालायचं. समक्ष या, माझी समजूत काढा. मगच सही."

मग अण्णांनी घसा खाकरला.

"मंग रीतसर यावंच लागंल," ते म्हणाले. "सकाळच्या पयल्या गाडीनं निगतो."

फोन ठेवला आणि मी लगेच हडपसरला कुलकर्ण्यांना लावला. मग कात्रजला शिंदेबाईंना, मग जगतापांना. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एकूण एक कुलूपबंद घरानं तुळशीच्या लग्नाला हरकत घेतली.