मामींचा फोटो आणि माझी अंधारखोली

बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या मालकाने "घेऊन जा, नाहीतर भंगारात देतो" म्हणून दिलेला जुना रोलचा कॅमेरा, फिल्म धुवायच्या डब्या-रसायनांसकट, मी घरी आणला, इथवर सगळं ठीक होतं. पण रोल घरीच धुवायचा असं मी ठरवलं आणि तिथून घसरलो. (कॉलेजात मी क्लार्क आहे. तिथे मला काहीच ठरवू देत नाहीत, त्याची भरपाई घरी होते.)

रोलमध्ये होत्या माझ्या सासूबाई गीताबाई, मुक्काम हिर्डोशी. मी त्यांना मामी म्हणतो. त्यांना भिंतीवर लावायला फोटो हवा होता, आणि तोही जिवंतपणी. सासरे गेले तेव्हा त्यांचा एकही फोटो सापडला नव्हता. शेवटी कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून त्यांचं डोकं कापलं आणि खाली कोट-टाय चिकटवला. जन्मभर बंडी घातलेला माणूस आता भिंतीवरून विमा एजंटासारखा बघतो.

"माझं तसलं नगं," मामी म्हणाल्या. "जितेपणी बसते म्या फोटोला. आन् मोबाईलमदी न्हाई हां. मोबाईल पडला की त्यातली मान्सं गेली. खरा फोटो हातात घेऊनच म्या गावाला जाणार."

ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून, बोरमाळ घालून त्या एसटीने भोरला आमच्याकडे आल्या. अंगणातल्या उन्हात मी आख्खा रोल त्यांच्यावर संपवला. आता फक्त अंधार हवा होता.

धान्याची खोली निवडली. दार लावून आत उभा राहिलो, वर पाहतो तो पत्र्यात तारांगण! खिळ्याच्या प्रत्येक भोकातून स्वतंत्र सूर्य.

"वनिता, पीठ मळ!"

"आत्ता तर जेवलात."

"मला नाही, पत्र्याला. आणि नाचणीचं मळ. गव्हाच्या पांढऱ्या पिठातून उजेड झिरपतो." (हे शास्त्र माझं स्वतःचं. अजून कुणी खोडलेलं नाही, कारण कुणाला सांगितलेलं नाही.)

"अहो, मग रात्रीच करा की. अंधार फुकट मिळंल."

"समोर खांबावर दिवा आहे."

"तो लागतो कधी? आणि वीज गेली की सगळं भोरच तुमची डार्करूम."

मोठ्या कामात बायकोच्या सोप्या सूचना ऐकायच्या नसतात.

खिडकीला घोंगडी, दाराच्या फटीला गोधडी, कुलपाच्या भोकात नाचणी. वनिता बाहेरून टॉर्च मारायची, मी आतून ओरडायचो.

"दिसतंय!"

"कुठं?"

"डावीकडे!"

"तुमच्या का माझ्या?"

शेजारच्या रत्नावहिनी येऊन हळूच विचारून गेल्या, "भावजींना कोंडलंय का?"

असं करता करता संध्याकाळ झाली आणि शेवटी पुरता अंधार साधला. स्वतःचा हात दिसेना. आनंदाने मी एक गिरकी घेतली आणि कपाळ तांदळाच्या कणगीवर आपटलं.

दाराला आतून कडी घातली. काम साधं होतं. फिल्म बाहेर काढून चकरीवर गुंडाळायची, चकरी डब्यात ठेवायची आणि झाकण लावायचं. मग दार उघडलं तरी चालतं. फिल्म गुंडाळली, चकरी डब्यात गेली. झाकण सापडेना. आणि तेवढ्यात दारावर थाप.

"जावईबापू, दार उघडा. दिवा दाखवायचाय."

दिवेलागण झाली होती! त्या वेळी मामी निरांजन घेऊन घरभर फिरतात, एकही खोली अंधारात ठेवत नाहीत. त्यातून ही तर धान्याची खोली.

"मामी, नको! उजेड आला तर सगळं जळेल!"

"निरांजन हाय ह्ये, वणवा न्हाई."

"तुमचा फोटो जाईल!"

"आन् तिन्हीसांजेला धान्यापशी अंधार ठिवून लक्षुमी गेली मंजी?"

"मग न पेटवता दाखवा ना!"

बाहेर वनिताचं खुसखुसणं.

"विझल्याला दिवा दाखवत्यात व्हय कुणी? म्या हितंच उभी हाय. दिवा दाखवल्याबिगर घास खायची न्हाई."

फिल्म उघडी, सासू उपाशी आणि जावई जमिनीवर रांगतोय. पोत्यांमागे चाचपलं, सुपात चाचपलं. शेवटी झाकण पिठाच्या परातीत सापडलं. तसंच पुसून घट्ट बसवलं आणि दार उघडलं.

मामी तळहातावर निरांजन घेऊन उभ्या होत्या. हात भाजत असणार, पण खाली ठेवलं नव्हतं. आत येऊन त्यांनी पोत्यांना दिवा दाखवला, कणगीला हात जोडले. मला खरंच भरून आलं. या बाईला चांगला फोटो मिळालाच पाहिजे, असं मनापासून वाटलं.

रसायनं ओतली, डबा हलवला, पाण्याने धुतला आणि फिल्म वर धरली. मामींनी मागून निरांजन धरलं.

"कुठं हाय म्या?"

टोक तेवढं काळं, बाकी फिल्म काचेसारखी स्वच्छ. ना मामी, ना लुगडं, ना अंगण.

"उजेड लागला का हो?" वनिताने भीत भीत विचारलं. "आईमुळं?"

हो म्हणायचा मोह झाला. पण उजेड लागला असता तर फिल्म काळी झाली असती. "नाही," मी म्हणालो. "हिला उजेड लागलेलाच नाही. कधीच."

कॅमेऱ्यात भरताना फिल्मचं टोक अडकलंच नव्हतं. मी अंगणात खटखट करत होतो, आकडा पुढे जात होता आणि फिल्म आपल्या डबीत गाढ झोपली होती. म्हणजे उजेड अडवण्याच्या कामात मी भर उन्हातसुद्धा यशस्वी झालो होतो.

मामींनी फिल्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हातातलं निरांजन हलायला लागलं. "मंजी दिसभर पीठ लावून कोरी पट्टी राखली व्हय!" मग त्या अशा हसल्या की वनिता उंबऱ्यातच बसली. मलाही हसू आवरेना.

"घे बाई, काढ त्या मोबाईलवर," मामी डोळे पुसत म्हणाल्या. "हसतीय तवरच घे. आन् उद्याच्या उद्या कागदावर काढून आण."

वनिताने ट्यूब लावली आणि मोबाईल धरला. मी तज्ज्ञ म्हणून लगेच पुढे झालो. "मामी, मान जरा अशी. पदर थोडा वर. हं, आता माझ्याकडे बघा."

मामींनी हसता हसताच हाताने मला खूण केली.

"जावईबापू, वाईच बाजूला सरा. उजेडाच्या आड येताय."