इनायतभाईंची दुरुस्ती

शाळेचं वाचनालय सांभाळताना भगवंतरावांनी चौतीस वर्षं लोकांकडून पुस्तकं वेळेवर परत घेतली, पण स्वतःला आलेलं एक पत्र मात्र त्यांनी अडीच महिने बिनउत्तराचं ठेवलं.

पत्र इनायतुल्ला मिस्त्रींचं होतं, अकोल्याहून आलेलं. 'सरजी, गुडघे गेले. पोरानं, शाकीबनं, मले अकोल्याले आपल्या घरी आणलं. आता तुमच्या गावाले येनं होत नाही.' एवढं वाचून भगवंतरावांनी पत्राची घडी घातली. पुढचं धीर आल्यावर वाचू म्हणाले आणि खूण म्हणून ते एका पुस्तकात ठेवून दिलं. उत्तर लिहायला मात्र ते वीसेक वेळा बसले. दर वेळी मायन्यातच अडायचे. 'प्रिय' फार सलगीचं वाटे, 'श्रीयुत' फार परकं. तोंडाने ते 'इनायतभाई' म्हणत, पण ते कागदावर शोभेल का, याची त्यांना खात्री नव्हती. त्यांना कशाचीच फारशी खात्री नसे.

अपवाद फक्त एका गोष्टीचा. दसरा झाला की आपला ट्रॅक्टर सुरू होणार नाही, हे ते छातीठोकपणे सांगू शकत.

हा ट्रॅक्टर थोरल्या भावाच्या माघारी त्यांच्याकडे आला होता. शेत दुसऱ्याच्या वहितीत, त्यामुळे त्याला काम असं नव्हतंच. वर्षभर गोठ्यात बसायचा. दसऱ्याला भगवंतराव त्याची यथासांग पूजा करत. झेंडूचा हार, आपट्याची पानं, आणि स्टेअरिंगखाली जी एक दांडी पुढे आलेली असे तिला लाल नाड्याचे नऊ वेढे. पूजेचा नाडा आपोआप गळेपर्यंत सोडायचा नाही, हा त्यांच्या आईचा नियम. पूजा झाली की ट्रॅक्टर मुका! मग मोझरीहून इनायतभाई येत, इंजिनाला कान लावत, जीभ चुकचुकवत, भगवंतरावांना चहा सांगायला घरात पाठवत. चहा येईतो ट्रॅक्टर धडधडत असे. मग दिवसभर गप्पा, आणि कार्तिकात ट्रॉलीत आळीतल्या बायका भरून कौंडण्यपूरची जत्रा. इनायतभाई चालवत आणि भगवंतराव मडगार्डवर बसून पुस्तक वाचत. बारा वर्षं हेच चाललं होतं.

या वर्षी इनायतभाई नव्हते. पार्वताबाईंनी नवऱ्याला सरळ सांगून टाकलं, "रविवारी अमरावतीचा भंगारवाला येऊन राहिला. तोवर सुरू करा, नाही त देऊन टाका. कोंबड्या त्याच्यावर अंडे देऊन राहिल्या, जी."

भगवंतरावांनी मनात हिशेब केला. ट्रॅक्टर गेला की इनायतभाईंनी येण्याचं कारणच गेलं. आयुष्यात पहिल्यांदा ते ताठ मानेने म्हणाले, "मीच सुरू करतो. यंत्र म्हणजे शेवटी तर्कशास्त्र. पुस्तक आहे माझ्याकडे."

पुस्तक 'शेतकी यंत्रांची निगा' नावाचं, वाचनालयाने रद्दीत काढलेलं. प्रकरण दुसरं: बॅटरी. त्यांनी तिची टोकं गरम पाणी ओतून, ब्रशने घासून लख्ख केली. तो ब्रश पार्वताबाईंचा दात घासायचा होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि सगळ्या आळीलाही कळलं. प्रकरण चौथं: डिझेलमधली हवा. स्क्रू सैल करावा, असं लिहिलं होतं. किती, ते लिहिलं नव्हतं. पांढरा सदरा पिवळा झाला आणि गोठ्यात पेट्रोलपंपाचा वास सुटला. किल्ली फिरवली की इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकत होतं, पण पेटत नव्हतं.

शनिवारी शेजारचे खुशालराव आले. त्यांचा ट्रॅक्टर नवा कोरा. किल्ली फिरवली की चालू, उलटी फिरवली की बंद, त्यामुळे ते स्वतःला इंजिनिअर समजत. जुनं इंजिन ओढत नेलं की आपोआप पेटतं, असं त्यांनी सांगितलं. दोराने त्यांचा ट्रॅक्टर पुढे, भगवंतरावांचा मागे. हार घातलेला ट्रॅक्टर आणि त्यावर मांडीवर पुस्तक उघडं ठेवून बसलेले वाचनालयाचे सर. लोकांना वाटलं, सरांचा कुठे सत्कार आहे. दोन बायांनी ओवाळलंसुद्धा.

उतारावर दोर तुटला.

खुशालराव पुढे निघून गेले. भगवंतरावांचा ट्रॅक्टर आपल्या मनाने डावीकडे वळला. खुशालराव लांबून ओरडले, "सर, ब्रेक! ब्रेक दाबा!"

ब्रेकचं प्रकरण अकरावं होतं. भगवंतराव नवव्यावर होते. ते घाईघाईने पानं उलटू लागले, तेवढ्यात ट्रॅक्टर खुशालरावांच्याच सोयाबीनच्या कुटाराच्या, वाळल्या भुशाच्या, ढिगात नाकापर्यंत घुसला आणि थांबला. सर कुटारातून वर आले तेव्हा त्यांच्या चष्म्यालाही मिशा फुटल्या होत्या.

धावत आलेल्या पार्वताबाईंनी आधी नवरा झटकला, मग पुस्तक झटकलं. त्यातून पत्र पडलं. त्यांनी ते उलगडलं आणि मागची बाजू वाचू लागल्या. पुढे पुढे त्यांचा आवाज मोठा होत गेला.

'सरजी, एक गोष्ट सांगतो, मले माफ करा. नाही त दुसरा मिस्त्री तुमाले लुटन. तुमच्या ट्रॅक्टरले कधी काईच झालं नाही. तुमी नाडा बांधता ना, ते इंजिन बंद करायची दांडी हाये. ओढली का बंद, आत ढकलली का सुरू. तुमी तिले बाहीरच बांधून ठेवता. मी नाडा कधी तोडला नाही. तुमाले चहाले पाठवून सोडत होतो, अन् स्टेअरिंगले बांधत होतो. बारा वर्षं हेच केलं. सांगितलं असतं त मले कोनं बोलावलं असतं? आता शाकीब म्हनते, अब्बा, काम असन त जा, नुसतं बसाले कुठं जाता. अन् काम त आता कोनतंच नाही.'

भगवंतराव चष्म्यावरचं कुटार पुसत राहिले, जरा जास्तच वेळ.

मग खुशालरावांनी नाड्याचे नऊ वेढे सोडून स्टेअरिंगला बांधले, दांडी आत ढकलली, किल्ली फिरवली. ट्रॅक्टरने काळ्या धुराचा एक लोट सोडला आणि कुटारासकट हसू लागला.

"चला, जिंकले तुमी," खुशालराव म्हणाले. "त्या भंगारवाल्याले सांगून देऊ, येऊ नोको म्हनून."

भगवंतरावांनी तिथेच मडगार्डवर बसून पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पत्र लिहिलं. रद्दीतलं असलं तरी पुस्तकाचं पान फाडायचं धाडस त्यांनी जन्मात प्रथमच केलं. मायना एका झटक्यात जमला. मग ते खुशालरावांना म्हणाले, "मोझरीला चला. पोस्टात."

पेटीपाशी त्यांनी ट्रॅक्टर सुरूच ठेवायला लावला. धडधडीत काही ऐकू येत नव्हतं, म्हणून खुशालरावांनी पाकिटात भरण्याआधीच कागद हातातून घेऊन वाचला:

'इनायतभाई, दसऱ्याची पूजा झाली. ट्रॅक्टर काही केल्या सुरू होत नाही. जत्रा जवळ आली आहे. काम मोठं आहे, असं शाकीबला सांगा. वर चढायला स्टूल आणून ठेवलं आहे.'

खुशालरावांनी थरथरणाऱ्या ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग सरांकडे. "सर, हे त साफ खोटं हाये."

"घरी गेल्यावर खरं होईल," भगवंतराव म्हणाले. "निघतानाच हिने नाडा परत दांडीला बांधायला सांगितलं आहे."

आणि त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.